सांगण्याची घाई

गिंडीहून अड्यारकडे जाणारा सरदार पटेल रस्ता म्हणजे चेन्नईतला शिकणाऱ्यांचा रस्ता. एका बाजूला अण्णा विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाची गर्द झाडी आणि पुढे आयआयटी. हा रस्ता जिथे अड्यारला भिडतो, तिथून इंदिरानगर जवळच. तिथल्या टीटीके हॉस्पिटलात आणखी एक विद्या शिकवली जाते: दारूत, ड्रग्जमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायचं कसं.

हे काम उभं राहिलं एका घरातल्या दुःखातून. शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी तरुणपणीच गेले. 1980 साली त्यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केलं. दारूडा म्हणजे वाया गेलेला माणूस, असंच तेव्हा सगळे धरून चालत. शांतीताईंनी स्वतः सोसलं होतं, तरी त्या भांडवलावर त्या थांबल्या नाहीत. अमेरिकेत जाऊन त्या व्यसनोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आल्या. मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते. 1992 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ही संस्था दक्षिणेतल्या समुपदेशकांना घडवणारं केंद्रही झाली.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झालं, तेही असंच प्रशिक्षण केंद्र बनलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली.

अशा प्रशिक्षणाला येणारे काही कोरी पाटी घेऊन येत नाहीत. कुणी एमएसडब्ल्यू झालेलं असतं, कुणी मानसशास्त्रात एमए, कुणी वॉर्डात वर्षानुवर्षं राबलेली सिस्टर. आणि खरी अडचण तिथेच असते. मदत करणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं, त्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा सल्ला तयार.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये या घाईवर बोट ठेवलं. स्टीफन रोलनिक यांच्यासोबत 1991 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि सल्ल्याआधी ऐकून घेण्याची ही पद्धत जगभर गेली. 1993 च्या त्यांच्या एका अभ्यासात दिसलं ते धक्कादायक होतं: समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी वर्षभरानंतर पेशंटची दारू जास्त. कारण साधं आहे. पिणाऱ्याच्या मनात ‘सोडावी’ आणि ‘राहू दे’ असे दोन्ही आवाज असतात. आपण ‘सोडा’ची बाजू घेतली, की त्याच्या वाट्याला ‘राहू दे’ची वकिली येते आणि बोलता बोलता ती त्यालाच पटत जाते. म्हणून ‘सोडावी’ हे त्याच्याच तोंडून यावं लागतं, तोवर आपण दम धरायचा.

हे व्याख्यानातून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी तीन खुर्च्यांचा सराव असतो: एक समुपदेशक, एक पेशंट, एक निरीक्षक.

‘पेशंट’ म्हणतो, “मी काही रोज पीत नाही.”

“अहो, पण तुमच्या लिव्हरचा रिपोर्ट बघा की!”

थांबा. पुन्हा.

“मी काही रोज पीत नाही.”

“रोज घेत नसाल, तर मग त्रास कशाचा होतोय?”

हा प्रश्न दिसतो साधा, पण त्यात उलटतपासणी आहे. निरीक्षक वहीत खूण करतो. पुन्हा.

“मी काही रोज पीत नाही.”

“रोज पीत नाही. आणि तरी आज इथे आलात.”

आता गप्प बसायचं. या गप्प बसण्यात घाम फुटतो. सिस्टरचा हात टेबलावरच्या केसपेपरकडे जातो, मग ती तो मांडीवर आणून ठेवते. पंखा फिरत राहतो. समोरचा सहकारी, जो केवळ सोंग घेऊन बसला होता, खाली बघत म्हणतो, “मुलगी बोलत नाही माझ्याशी.”