कमरेतलं इंजेक्शन आणि ऐकीव गोष्टी

सातवा महिना लागला की घरात सल्ल्यांना ऊत येतो. तूप किती खावं, जिना चढावा की नाही, यावर सगळ्यांची मतं ठाम असतात. कळा सोसवेनाशा झाल्या तर काय करता येतं, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगितलंच तर एवढंच: "कमरेत इंजेक्शन घेऊ नकोस गं, जन्माची पाठ धरते."

गैरसमज: एपिड्युरलमुळे, म्हणजे कळांच्या वेदना कमी करणाऱ्या कमरेतल्या इंजेक्शनमुळे, पाठ कायमची दुखते.
सुई टोचली तिथे काही दिवस ठणकतं, हे खरं. पण एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली, तेव्हा पुढच्या दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक दिसला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि नंतर महिनोन् महिने वाकून बाळाला पाजणं, उचलणं चालू राहतं. पाठ धरते ती त्याने. इंजेक्शन न घेतलेलीचीही धरते, फक्त तिला दोष द्यायला इंजेक्शन नसतं.

'पाय कायमचे लुळे पडतील' ही भीतीही तिथलीच. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो आणि सुई त्याच्या खाली, तीही त्याच्या आवरणाबाहेर थांबते. तिथे केसासारखी बारीक नळी ठेवून हलक्या मात्रेत औषध देत राहतात. सिझरच्या वेळी एकदाच देतात ते स्पायनल वेगळं. त्याने काही तास पाय पूर्ण बधिर होतात. नसेला कायमची इजा होणं अतिशय दुर्मीळ आहे.

गैरसमज: एपिड्युरल घेतलं की सिझर ठरलेलं.
शिकागोतल्या ७५० पहिलटकरणींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडण्याआधीच काहींना कमरेतून औषध दिलं, इतरांना नंतर. लवकर घेतलेल्यांत सिझर वाढले नाहीत, उलट बाळंतपण थोडं लवकर आटोपलं. त्यामुळे 'अजून वेळ आहे, थांबा' असं केवळ सेंटिमीटर मोजून सांगण्याला आता आधार उरलेला नाही. जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो, हे मात्र मान्य करायला हवं. जुन्या, जड मात्रांमुळे चिमटा किंवा व्हॅक्यूम जास्त वेळा लावावा लागे. अलीकडच्या हलक्या मात्रांत तो फरक दिसत नाही.

गैरसमज: औषध बाळाला बाधतं.
एपिड्युरलमधून बाळापर्यंत फार थोडं औषध पोहोचतं. गंमत म्हणजे पेथिडिनसारखं दंडातलं किंवा मांडीतलं इंजेक्शन घरचे बिनबोभाट घेऊ देतात. ते वारेतून बाळापर्यंत सहज जातं आणि जन्माच्या जरा आधी दिलं तर बाळ सुस्त असू शकतं, त्याचा श्वास मंदावू शकतो.

गैरसमज: आई व्हायचं तर सोसलंच पाहिजे.
हा आक्षेप नवा नाही. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हाही टीका झाली. चार वर्षांनी तिने पुन्हा घेतलं. दाढ काढताना भूल नको म्हणणारा कोणी भेटत नाही, मग इथेच सोशिकपणाची परीक्षा का?

गैरसमज: 'पेनलेस' म्हणजे काहीच कळणार नाही.
हा गैरसमज घरातला नाही, जाहिरातींतला. परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दाब जाणवतोच. कधी एकाच बाजूला बधिरपणा येतो आणि नळी सरकवावी किंवा पुन्हा घालावी लागते. रक्तदाब उतरणं, अंग खाजणं, कापरं भरणं, ताप, लघवीसाठी नळी हेही होऊ शकतं. साधारण शंभरात एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. त्यावर उपचार आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील किंवा पाठीवर संसर्ग असेल, तर बहुधा हा पर्याय मिळत नाही.

एपिड्युरल नको असेल तरी मुकाट सोसणं हाच मार्ग नाही. काही ठिकाणी ऑक्सिजनमध्ये निम्मा नायट्रस ऑक्साइड मिसळलेला वायू मास्कमधून देतात. वेदना जात नाहीत, पण सुसह्य होतात. कोमट पाणी, चालणं, कुशी बदलणं यांनी आराम पडतो. आणि सतत शेजारी बसणारी विश्वासाची बाई: अभ्यासांत अशी सोबत असलेल्यांत सिझरचं आणि वेदनाशामक घेण्याचं प्रमाण कमी आढळलं. केंद्र सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रमही प्रसूतिकक्षात सोबतीची शिफारस करतो. तरी अनेक ठिकाणी आईला नाहीतर सासूला दाराबाहेरच बसवतात.

आठव्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांना थेट विचारावं: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येतील का, किती वेळात? नळी घातल्यावर बाळाचे ठोके आणि माझा रक्तदाब कोण बघत राहणार? ऐन वेळी सिझर करावं लागलं तर त्याच नळीतून भूल देता येईल का? याचं बिल वेगळं लागतं का? शहरातली मोठी रुग्णालयं सोडली तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बरेचदा 'नाही' येतं; ते कळा सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा आठव्या महिन्यात कळलं, तर दुसरीकडे नाव नोंदवायला वेळ मिळतो.