बारावीनंतरचा फाटा (भाग ५) : कॉलेज घ्यायचं की ब्रँच?

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एक वाद रंगतो. सीओईपीला मेटलर्जी मिळू शकते आणि साध्याशा खासगी कॉलेजात कॉम्प्युटर, घ्यायचं काय? काका म्हणतात, नाव बघ. मामेभाऊ म्हणतो, ब्रँच बघ. मग कोणीतरी सुंदर पिचाईंना मध्ये आणतं. तेही मेटलर्जीचेच, अडलं का कुठे?

अडलं नाही हे खरं, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. आयआयटी खरगपूरहून पिचाई स्टॅनफर्डला गेले ते मटेरियल सायन्समध्ये एमएस करायला. पुढे अप्लाइड मटेरियल्स या चिपनिर्मितीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, मग व्हॉर्टनचं एमबीए, मॅकिन्झी आणि २००४ साली गूगल. म्हणजे मूळ ब्रँच सुरुवातीला त्यांच्या कामीच आली, आणि वाट बदलताना मध्ये आणखी एक पदवी घ्यावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांचंही तसंच. मणिपालला इलेक्ट्रिकल केलं आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनला एमएस. ब्रँच बदलता येते, पण त्यासाठी वर्षं आणि फी पुन्हा मोजावी लागते. काकांच्या हिशेबात हा खर्च सहसा नसतो.

तरीही इंजिनिअरिंगवाले सुदैवी. सॉफ्टवेअर कंपन्या भरती करताना सिव्हिल, मेकॅनिकलची मुलंही घेतात. खरी पंचाईत होते ती जिथे पदवी हाच परवाना असतो तिथे.

आर्किटेक्चरचं उदाहरण घ्या. एका हातात पाच वर्षांचं बी.आर्क., दुसऱ्या हातात इंटिरियर डिझाइनची तीन-चार वर्षांची पदवी. पोर्टफोलिओ दोन्हीकडे सारखेच देखणे दिसतात. पण १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा कायदा बिरुदाला संरक्षण देतो, डिझाइनच्या कामावर बंदी घालत नाही. त्यामुळे घरांची अंतर्गत सजावट हेच ध्येय असेल तर पाच वर्षं घालवायची गरज नाही. स्वतःच्या नावाची आर्किटेक्टची पाटी हवी असेल, तर मात्र दुसरा मार्ग नाही.

मानसशास्त्राच्या बाबतीत तर घरचे हमखास फसतात. बी.ए. झालं की मुलगी समुपदेशनाला बसेल, असं त्यांना वाटतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि त्याआधी परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण. साधं बी.ए. तिथवर पोचवत नाही. पुढच्या शिक्षणाची तयारी नसेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

सरकारी परीक्षांचं गणित आणखी वेगळं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते, म्हणून ‘काहीही घे’ हा सल्ला सर्रास दिला जातो. भारतीय वनसेवेला तो लागू नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक विषय पदवीला हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र वा इंजिनिअरिंगची पदवी हवी. जंगलात नोकरी करायची म्हणून हौसेनं भूगोलात बी.ए. घेणारा या यादीत बसत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर बसतो. विचित्र वाटलं तरी नियम असा आहे.

आता कॉलेजच्या माहितीपत्रकाबद्दल. त्यावर ‘नॅक’ची श्रेणी ठळक असते. ती संपूर्ण संस्थेची असते. ‘एनबीए’ची मान्यता मात्र एकेका अभ्यासक्रमाची, आणि त्यासाठी आधी बॅच बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. म्हणून त्याच कॉलेजात मेकॅनिकलला ती असते आणि काल सुरू झालेल्या एआय ब्रँचला नसते. परदेशात इंजिनिअर म्हणून काम करायचा विचार असेल तर याला जास्तच महत्त्व आहे, कारण इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४पासून आहे तो एनबीएमार्फत. ‘सर्वोच्च पॅकेज’चा आकडा मात्र खुशाल सोडून द्यावा, तो एकाच मुलाचा असतो. त्याऐवजी एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी कॉलेजने दिलेल्या माहितीत पगाराचा मध्यक शोधावा, आणि हव्या त्या ब्रँचच्या किती मुलांना नोकरी लागली, हे विभागात जाऊन विचारावं.

हे सगळं कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी व्हायला हवं. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणून काकांच्या समाधानासाठी यादीत सर्वांत वर काहीही लिहू नका.