जेवायला विमानाने!

अमेरिकेत हौशी वैमानिक सुटीच्या दिवशी चक्क जेवायला विमान काढतात. अशा सहलीला तिथे गमतीने ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. खाणे स्वस्त, इंधन महाग! टेक्सासमध्ये ओढ असते बार्बेक्यूची, म्हणजे लाकडाच्या मंद धुरावर तासन्‌तास शिजवलेल्या बीफची. (आपल्या माणसांनी हलालची चौकशी आधी करावी, हे वेगळे सांगायला नको.)

समजा, ऑस्टिनच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरायचे आहे. हाताशी सेसना १७२, आसने चार, वेग ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. आधी रेडिओवरून नियंत्रकाला हाक द्यायची. त्याने आपल्या विमानाचा पुकार-क्रमांक घेऊन उत्तर दिले तरच त्या हद्दीत शिरायचे. नुसते ‘थांबा’ ऐकू आले तर बाहेरच घिरट्या.

खरा धोका दिसत नाही. मोठ्या जेटच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि मागे हळूहळू खाली उतरतात. त्यांत सापडलेले छोटे विमान उलटूही शकते. म्हणून जेटच्या मागून उतरताना त्याच्या वाटेच्या वरून यायचे आणि त्याची चाके जिथे टेकली त्याच्या पुढे आपली टेकवायची. परततानाही जेट उडाले की काही मिनिटे थांबायचे, मग घरी पोहोचायला अंधार का होईना!

पालकहो, मुलांना विमानाची हौस जरूर लावू या. आम्हा शिक्षकांना वाटते, तिच्याबरोबर थांबण्याची सवयही लावावी. आकाशात घाई जिवावर बेतते.