आजार जुना, धोका किती?

२०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या दवाखान्यातील दूरध्वनीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असे : ‘डॉक्टर, मला शुगर आहे, बीपी आहे. कोरोना झाला तर मी वाचेन का?’ विचारणारे बहुधा सत्तरीच्या घरातले. मृतांच्या बातम्यांत ‘सहव्याधी’ हा शब्द इतक्या नेमाने येई, की ज्येष्ठांना तो आपल्यावर लागलेला निकालच वाटे.

भीती निराधार नव्हती. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये ४४,६७२ रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध केली. एकूण रुग्णांपैकी २.३ टक्के दगावले होते. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांत हे प्रमाण १०.५, मधुमेहींत ७.३ आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ टक्के होते. मात्र हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांना रक्तदाब असतो ते बहुधा वयानेही मोठे असतात. मग धोका रक्तदाबाचा किती आणि वयाचा किती, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे १ कोटी ७० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वय, लठ्ठपणा वगैरेंचा परिणाम वेगळा काढला होता. वयाचा वाटा सर्वांत मोठा निघाला : पन्नाशीतल्यांच्या तुलनेत ऐंशीपुढील व्यक्तींना मृत्यूचा धोका वीस पटींहून अधिक. पण माझ्या मते त्यातला खरा मोलाचा निष्कर्ष मधुमेहाविषयी आहे. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींना मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे १.३ पट धोका होता, तर साखर बेसुमार असलेल्यांना जवळजवळ दुप्पट. म्हणजे आजाराचे नाव एकच, धोका मात्र निराळा. वय आपल्या हाती नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल बऱ्याच अंशी आहे.

याचे कारण असे, की वाढलेली साखर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दुबळे करते, आणि संसर्ग झाला की साखर आणखी चढते. त्यावर स्टेरॉइड दिले, की ती अधिकच वाढते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे जे भयानक रूप पाहिले, त्यामागे बऱ्याच रुग्णांत हीच साखळी होती. ज्यांना प्राणवायूची गरज असते त्यांचे प्राण स्टेरॉइडने वाचतात. ज्यांना ती गरज नाही त्यांना त्याचा लाभ नाही. म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून ते परस्पर आणू नये.

आता एक सल उघड करतो. माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कोरोनाचा विषाणू शरीरात सहज शिरतो, असा संदेश त्यांच्या भ्रमणध्वनीवर आला आणि त्यांनी गोळी बंद केली. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्च २०२० मध्येच ‘गोळ्या थांबवू नका’ असे सांगितले होते. पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. दोन महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. कोरोनाची चाचणी नकारात्मक आली. त्या दोन महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, विषाणू संपल्याचे नव्हे. तेव्हा घरात मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा जुना दमा असलेले कुणी असेल, तर नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा साठा ठेवावा आणि लशीच्या पुढील मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. ताप आल्यास मधुमेहींची साखर दिवसातून दोन-तीनदा तपासावी. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवू लागल्यास थांबू नये. फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो; तो बरे असतानाच वहीत लिहून ठेवावा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, वृद्धांना प्रत्येक वेळी ताप येतोच असे नाही. आजी आज जेवणाला नको म्हणतात, दिवसभर गुंगीत आहेत, नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात, असे दिसले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.