हाडांची साक्ष (भाग ६) : व्हिसेरा नसेल तेव्हा

मागच्या भागात सांगाड्यावरून वय आणि उंची कशी काढतात ते पाहिलं. ओळख पटली की तपास अधिकाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याला काही पाजलं होतं का?

एरवी उत्तराची वाट मळलेली आहे. नागपुरात मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात शवविच्छेदन होतं. जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. हा व्हिसेरा नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि तिथून सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल येतो. जंगलात नुसता सांगाडाच सापडला, तर व्हिसेरा आणायचा कुठून? मग मांडीचं हाड, दात, केस, नखं आणि आजूबाजूची माती, एवढ्यावरच काम भागवावं लागतं.

हाडात औषध पोचतं ते रक्तावाटे. बरगड्या, मणके, कंबरेचं हाड यांच्या जाळीदार भागात रक्तपुरवठा भरपूर असतो. मज्जेत चरबी असते, त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधं तिथे थांबतात. प्रयोगशाळेत हाड स्वच्छ करून वाळवतात, त्याची भुकटी करतात आणि ती मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजत ठेवतात. हाडातून द्रावकात उतरलेले रेणू यंत्रावर वजनानुसार ओळखले जातात. इटलीत मिलानच्या एका जुन्या रुग्णालयाच्या तळघरातल्या सतराव्या शतकातल्या हाडांत गांजाचे अंश याच वाटेने सापडले.

सगळीच विषं मात्र इतकी टिकत नाहीत. २०१६ साली साताऱ्यात वाईजवळच्या धोममध्ये पुरलेले सांगाडे निघाले. सक्सिनिलकोलीन हे भूल देताना वापरलं जाणारं इंजेक्शन टोचून खून केल्याचा आरोप एका डॉक्टरवर ठेवला गेला. हे औषध रक्तातलं विकर काही मिनिटांत फोडतं आणि शेवटी उरतात ते सक्सिनिक आम्ल आणि कोलीन, म्हणजे प्रत्येकाच्या शरीरात असणारेच पदार्थ. अशा वेळी हाडांपेक्षा औषधखरेदीच्या नोंदी आणि साक्षीदार जास्त कामाला येतात.

धातूंचं उलट. आर्सेनिक नष्ट होत नाही, शिसं तर कॅल्शियमची जागा घेऊन हाडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. पण ते आलं कुठून? गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात विहिरी-बोअरच्या पाण्यातच आर्सेनिक आहे. तिथल्या माणसाच्या हाडात ते सापडलं, तर घातपात म्हणायचा की पाणी? म्हणूनच सांगाड्याच्या वरची, खालची, बाजूची आणि थोड्या अंतरावरची अशी वेगवेगळी माती घ्यायची असते. शरीर कुजताना झिरपणारा द्रवही तळाच्या हाडांत औषध पोचवतो. एकाच सांगाड्याच्या दोन हाडांत वेगवेगळं प्रमाण मिळतं ते त्यामुळेही.

तेव्हा कोर्टात हाड एवढंच सांगू शकतं की पदार्थ सापडला की नाही. किती दिला, कधी दिला, मृत्यू त्यानेच झाला का, हे केवळ हाडातल्या आकड्यावरून ठरवता येत नाही. आणि ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘दिले नव्हते’ असाही होत नाही.

शेत नांगरताना किंवा रानात हाडं दिसली, तर ती गोळा करू नका, धुऊ नका, माती हलवू नका. पोलीस पाटलांना किंवा ११२ वर कळवा. तपासाला लागणारा अर्धा पुरावा त्या मातीत असतो.

(पुढील भागात : दात आणि डीएनए)