पंखा बंद करा, हेलिकॉप्टर उडवायचंय

वाकोल्यात आकाशाकडे बघायला कुणाला शिकवावं लागत नाही. सांताक्रूझचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. हायवे ओलांडून पश्चिमेला गेलं की जुहू लागतं. 1928 साली तिथे देशातला पहिला नागरी विमानतळ सुरू झाला आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन तिथेच उतरले. आजही पवनहंसची हेलिकॉप्टरं जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातात. अशा वस्तीत वाढलेल्या मुलाने दिवाळीला रिमोटचं हेलिकॉप्टर मागितलं तर त्यात नवल काही नाही. पण दुकानात गेल्यावर आपण रंग बघतो, दिवे बघतो, किंमत विचारतो. हे उडवणार कुठे, हे कुणी विचारत नाही. वाकोल्यात तर सगळी निवड याच एका प्रश्नावर ठरायला हवी.

25 ऑगस्ट 2021 पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत. शिक्षणासाठी किंवा हौस म्हणून, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं 25 किलोपर्यंतचं मॉडेल त्यातल्या व्याख्येत बसतं. 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात मोडतं आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. या सवलतीचा अर्थ पुष्कळ जण ‘कुठेही उडवा’ असा घेतात, तो चुकीचा आहे. चालू विमानतळाच्या लगतच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि अख्खं वाकोला त्या पट्ट्यात येतं. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी प्रतिबंधात्मक आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं उडवायला मनाई करतात. तेव्हा गच्ची बाद, इमारतीखालचं अंगण बाद, कलिन्याचं मैदानही बाद. उरतं ते डोक्यावर छप्पर असलेलं घर, किंवा फार तर सोसायटीचा हॉल.

आता घर किती मोठं? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतली घरं आधी 225 चौरस फुटांची होती, मग 269 ची झाली, पुढे 300 ची. पलंग, कपाट आणि टीव्ही वजा केला की हेलिकॉप्टरच्या वाट्याला जेमतेम एक सतरंजी येते. ही जागा कमी असली तरी निकामी नाही. तळहाताएवढं यंत्र तिथे उडतं, फक्त छताचा पंखा बंद हवा. वीस-तीस ग्रॅमच्या यंत्राला पंख्याचा वारा झेपत नाही, ते सरळ भिंतीकडे ढकललं जातं. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरातल्यांना पाच-सात मिनिटं घामाघूम बसवणं ही या छंदाची पहिली किंमत आहे. सुदैवाने लहान बॅटरीवर एक उड्डाण तेवढंच टिकतं.

यंत्राची जात ओळखायची असेल तर शेपटीकडे बघावं. मुख्य पाती एका दिशेने फिरली की उलट धक्क्याने अंग दुसऱ्या दिशेने फिरू पाहतं. मोठ्या हेलिकॉप्टरात हा धक्का शेपटीची उभी पाती थोपवते. खेळण्याच्या दुकानातल्या बहुतेक हेलिकॉप्टरांत त्याऐवजी एकावर एक दोन पात्या असतात आणि त्या उलटसुलट फिरून धक्का आपसांत मिटवतात. यांना कोअ‍ॅक्सियल म्हणतात. सायमा कंपनीचं एस107 हे यातलं जगभर खपलेलं नाव. ते तीन चॅनेलचं आहे: वर-खाली, तोंड डावी-उजवीकडे, आणि पुढे-मागे. हात सोडले तरी ते बरंचसं जागच्या जागी राहतं, पडलं तरी सहसा मोडत नाही. पण आडवं, म्हणजे कुशीवर सरकणं त्याला येत नाही. रिमोटही इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की संपर्क तुटू शकतो. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी हेच घ्यावं. ज्याला खरोखर शिकायचंय त्याचा मात्र त्यात लवकर हिरमोड होतो.

शिकणाऱ्याने चार चॅनेलचं, एकाच मुख्य पात्याचं, फिक्स्ड पिच हेलिकॉप्टर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. फिक्स्ड पिच म्हणजे पात्याचा कोन कायम, चढ-उतार मोटरच्या वेगावर. डब्ल्यूएलटॉइजच्या व्ही911 ने हा प्रकार सामान्य खिशाच्या आवाक्यात आणला. त्याच्या पात्यावर आडवी वजनाची दांडी होती, तिला फ्लायबार म्हणतात. 1970 च्या सुमारास जर्मनीत डिटर श्ल्यूटर यांनी रिमोटची हेलिकॉप्टरं लोकांच्या हाती दिली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं स्थिरतेची भिस्त याच दांडीवर होती. आता तिचं काम जायरो करतो, आपल्या मोबाइलमध्ये असतो तसलाच बारीक संवेदक. नवं घेताना खोक्यावर ‘सिक्स अ‍ॅक्सिस जायरो’ लिहिलेलं बघून घ्यावं. हवेच्या दाबावरून उंची धरून ठेवणारी ‘अल्टिट्यूड होल्ड’ सोयही हल्ली येते. घरात ती उपयोगी आहे, पण थ्रॉटलवरचा, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या काडीवरचा, अंगठ्याचा ताबा तिच्यामुळे येत नाही. ती बंद करता येत असेल तर उत्तम.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवायचं, शेपूट आपल्याकडे. थ्रॉटल हळूच वाढवला की यंत्र फरशीवर थरथरतं, तिरकं सरकतं. नवखा माणूस घाबरून ते तिथेच, वीतभर उंचीवर धरू बघतो, आणि तीच जागा सगळ्यात वाईट. पात्याची हवा फरशीवर आपटून परत वर येते आणि यंत्र आपल्याच वाऱ्यात डगमगतं. गुडघ्याएवढं वर नेलं की ते एकदम शांत होतं. भिंतीजवळही हाच प्रकार घडतो, म्हणून उड्डाण खोलीच्या मधोमध करावं. शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगणं जमेपर्यंत दुसरं काही करू नये. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि पाती तुटतात ती बहुधा याच वळणावर.

पाती तुटणारच. म्हणून खोका उघडण्याआधी दुकानदाराला एकच गोष्ट विचारावी: याची पाती, शेपटीची मोटर आणि बॅटरी सुटी मिळते का? ‘नाही’ म्हणाला तर ते यंत्र कितीही देखणं असो, घेऊ नये. लहान यंत्रांत शेपटीची ब्रश मोटर सगळ्यात आधी झिजते, आणि तेवढ्या एका मोटरपायी अख्खं हेलिकॉप्टर माळ्यावर जातं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारली तर वायर, कनेक्टर, सोल्डरिंगचं सामान नक्की मिळेल, पण मॉडेलचे खास सुटे भाग त्या त्या कंपनीचेच लागतात. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. चौदा वर्षांखालच्या मुलासाठी खेळणं घेत असाल तर त्यावर आयएसआयची खूण हवी, 2021 पासून ती सक्तीची आहे.

बॅटरी लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची असते. भरल्यावर एका सेलचा दाब 4.2 व्होल्ट, आणि 3 व्होल्टच्या खाली गेली की ती खराब होते. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करावं. गादीवर ठेवून झोपी जाणं हा जिवाशी खेळ आहे, आणि दाटीच्या वस्तीत तो फक्त आपल्या जिवाशी नसतो.

मग मोठं, पात्याचा कोन बदलणारं कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर? ‘450’ वर्गातल्या मॉडेलच्या फिरत्या पात्यांचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटरचा. मिनिटाला 2,800 फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी 370 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं लागून एका तरुण कारागिराचा जीव गेला. ते यंत्र माणूस बसेल एवढं होतं, पण फिरत्या पात्याचा धडा दोन्हीकडे एकच आहे. हे मॉडेल घरात तर नाहीच, माणसांच्या जवळपासही उडवू नये.

असं मोठं मॉडेल घेण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घ्यावा. तिथे पाती फुकट तुटतात. मोकळ्या हवेत जायचं तर विमानतळापासून लांब, सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या जागी जावं. पनवेलकडची मैदानं पूर्वी सुचवली जात, आता तिकडे नवी मुंबईचा विमानतळ आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये. जिथे आधीपासून मॉडेल उडवणारी मंडळी जमतात अशी जागा शोधावी आणि आपला रिमोट त्यांच्याच मोडचा घ्यावा. कुणाचा थ्रॉटल डाव्या हाताला असतो, कुणाचा उजव्या. तशी सोय असेल तर शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा रिमोट एकमेकांना जोडता येतो. शिकवणाऱ्याने बटण दाबून ठेवलं की ताबा शिकणाऱ्याकडे, आणि हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की बटण सोडून तो यंत्र पुन्हा आपल्या हातात घेतो.