शंभर मैल धावायचे? आधी हिशेब करा!

१९७४ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वतात दरवर्षी घोड्यांची एक शर्यत होते. तिचे नाव टेविस कप. डोंगरातील पायवाटांनी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, २४ तासांच्या आत कापायचे असतात. त्या वर्षी स्वारांच्या घोळक्यात गॉर्डी एन्सली नावाचा एक तरुण उभा होता, पण घोड्यावाचून! आदल्या वर्षी त्याचा घोडा वाटेतच लंगडू लागला होता. या खेपेस तो स्वतःच्याच पायांनी निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत मुक्कामी पोहोचला.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन, आणि ती डोंगरवाटेने असली की ट्रेल अल्ट्रामॅरेथॉन. एन्सलीच्या वाटेवर १९७७ साली माणसांसाठी रीतसर शर्यत ठेवण्यात आली. १४ जण निघाले, पोहोचले फक्त ३! उरलेले ११ जण कमी हिमतीचे होते असे तुम्हाला वाटते का? मला तसे वाटत नाही. अशी शर्यत पहिल्यांदा धावण्याचे ठरवताना हिंमत लागतेच, पण त्याआधी वही-पेन्सिल लागते. चला, तो हिशेब आपण मांडून पाहू.

सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. धावणारा ६० किलोग्रॅमचा असेल तर १६० किलोमीटरला ९,६०० किलोकॅलरी झाल्या. चढ असतील तर त्याहून जास्त. आता शिल्लक पाहू. यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. त्यातून दर ग्रॅमला ४ प्रमाणे २,००० किलोकॅलरी मिळतात. भागाकार करा : २,००० भागिले ६० म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर. मॅरेथॉनचे पुष्कळ धावपटू तिशी ओलांडल्यावर एकाएकी गळून का जातात, ते आता लक्षात आले ना?

मग एन्सली पोहोचला कसा? शरीरात दुसरी एक कोठी आहे, ती चरबीची. सडसडीत माणसाच्या अंगावरही ८-९ किलोग्रॅम चरबी असते. ९ किलोग्रॅम धरली तर तिच्यात सुमारे ६९,००० किलोकॅलरी असतात. नुसत्या आकड्यांवर गेले तर त्या १,००० किलोमीटरहून अधिक अंतराला पुरतील! पण या कोठीचे दार अरुंद आहे. चरबीपासून ऊर्जा मिळते ती सावकाश. वेग वाढवला की शरीर ग्लायकोजेनकडे वळते, वेग कमी ठेवला तर चरबीवर भागवते. एन्सलीचा सरासरी वेग काढून पाहा. तो ताशी ७ किलोमीटरसुद्धा भरत नाही! शाळेच्या मैदानावर कोणीही त्याहून जोरात पळेल. तेव्हा पहिली लांब शर्यत ठरवणाऱ्याने ‘मी किती जोरात धावू शकतो?’ हे विचारून उपयोग नाही. किती सावकाश आणि किती वेळ चालू शकतो, हे विचारायला हवे. चढावर तर अनुभवी मंडळी सरळ चालतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

वाटेत खाताही येते, पण आतडे तासाला सुमारे ६० ग्रॅमच ग्लुकोज आत घेऊ शकते. म्हणजे २४० किलोकॅलरी. शिवाय धावताना रक्त स्नायूंकडे व त्वचेकडे वळलेले असते. पोटाच्या वाट्याला ते थोडे येते आणि मळमळ सुटते. म्हणून केळे, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा असे जे शर्यतीत खायचे, ते धावता धावता पचवण्याचा सराव कित्येक महिने आधीपासून करावा लागतो.

आता उष्णता. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागाचे काम होते, बाकीची उष्णता बनते. ताशी ७ किलोमीटरने जाणाऱ्या आपल्या गड्याच्या शरीरात तासाला ३०० हून अधिक किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर पडलीच नाही तर तासाभरात अंगाचे तापमान सहा अंश सेल्सिअसने चढेल! वाचवतो तो घाम. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, नुसता निथळला तर व्यर्थ. घोड्यालाही घाम येतो, पण त्याच्या अवजड देहाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी पडते. लांब पल्ल्याला, उन्हात माणूस घोड्याला गाठू शकतो त्याचे हे एक कारण. वेल्समध्ये १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा अशी शर्यत होते. तीत २००४ साली ह्यू लॉब या धावपटूने घोड्यांना पहिल्यांदा हरवले.

घाम गेला म्हणून पाणी ढोसत सुटावे का? येथेच पुष्कळजण फसतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर कमी झालेले आढळले. अतिरेकी पाण्याने रक्त पातळ होते, मेंदूला सूज येते आणि प्राणावर बेतू शकते. तुमचा घाम तुम्हीच मोजून पाहा. तासभर खेळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर जितके किलोग्रॅम घटले तितके लिटर पाणी गेले.

हिशेबात सहसा कोणी धरत नाही तो उतार. या शर्यतीत चढ सुमारे ५,५०० मीटर, तर उतार सुमारे ७,००० मीटर! उतार म्हणजे विसावा, असे वाटते. पण एखादा गड चढून उतरलात की दुसऱ्या दिवशी मांड्या कशामुळे दुखतात? उतरण्यामुळेच. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्याचे बारीक तंतू फाटतात. गंमत म्हणजे एकदा असे झाले की पुढचे काही आठवडे तोच उतार पुष्कळ कमी दुखवतो. म्हणून सरावात चढाइतकेच उतारही हवेत. मात्र स्नायू फारच फाटले तर त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करते. लघवी काळपट तपकिरी झाली तर तेथेच थांबून डॉक्टरांकडे जायचे. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटणे मूत्रपिंडांना आणखी महागात पडते.

तुमचा हिशेब आजच जुळला तरी घाई करू नका. तुमची हाडे अजून वाढत आहेत, आणि १६० किलोमीटरच्या बहुतेक शर्यतींत १८ वर्षांखालील मुलांना घेतही नाहीत. मोठ्यांनीसुद्धा पहिली शर्यत ५० किलोमीटरची निवडावी हे बरे.

१९७७ च्या त्या तिघांत राल्फ पॅफेनबार्गर हे ५४ वर्षांचे डॉक्टर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतील कामगारांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, असे त्यांना दिसले. ते स्वतः धावू लागले ते चाळिशी उलटल्यावर. २४ तासांची मुदत त्यांना साधली नाही. ते आणि त्यांचे एक साथीदार २८ तास ३६ मिनिटांनी पोहोचले. या दोघांमुळेच पुढे ३० तासांची मुदत ठरवण्यात आली, आणि ती आजही तेवढीच आहे.